बायबलचं नवं इंग्रजी भाषांतर जरूर करा, फक्त कुलूप लावू नका

इंग्रजीत अख्ख्या बायबलची भाषांतरं शंभरावर झालीत. नुसता नवा करार (बायबलचा येशूपासून पुढचा भाग), नुसती स्तोत्रं असं सुटंसुटं धरलं तर आकडा आणखी बराच वर जातो. जगात भाषा सात हजारांच्या आसपास आणि पूर्ण बायबल आहे त्यातल्या जेमतेम सात-आठशे भाषांत, म्हणजे एकीकडे लोकांना एकही नाही आणि दुसरीकडे इंग्रजीवाला दुकानात जाऊन कोणतं घेऊ म्हणून डोकं खाजवतोय. त्यामुळे कोणी "आम्ही नवीन मॉडर्न इंग्लिश भाषांतर करतोय" म्हटलं की पहिल्यांदा तोंडात येतं ते "हौस दांडगी आहे बुवा". माझ्याही येतं. तरीपण माझं म्हणणं असं आहे की आणखी एक व्हायला हवं, किंवा आहेत त्यातलं एखादं उत्तम भाषांतर कोणीतरी मोकळं सोडायला हवं. भाषा जुनी झाली वगैरे ठीकच आहे, पण खरा घोळ मालकीचा आहे आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही.

आधीच सांगून टाकतो, मी ख्रिस्ती नाही, प्रचारक तर नाहीच. माझं पोट भाषांतरावर चालतं, शब्दामागे इतके पैसे असं बिल लावतो आणि ते वेळेवर आलं नाही की चिडचिड करतो, त्यामुळे "ज्ञान सगळं फुकटच पाहिजे" असलं तत्त्वज्ञान मला परवडणारं नाही. हे सगळं ते धरूनच लिहितोय.

किंग जेम्स बायबल १६११ चं. इंग्रजी बायबल म्हटलं की आजही बऱ्याच जणांच्या कानात तीच भाषा वाजते. भारतात, अमेरिकेत ते कोणीही छापावं, ॲप करावं, चाल लावून गावं, कोणी विचारत नाही. (जिथे ते तयार झालं त्या ब्रिटनमध्ये मात्र छापायचा हक्क अजून राजसत्तेकडे आहे आणि ठरावीक छापखान्यांनाच दिलेला आहे, आता काय बोलणार.) पण भाषा चारशे वर्षांपूर्वीची. त्यात "लेट" हा शब्द काही ठिकाणी अडवणे या अर्थाने येतो, आज त्याचा अर्थ बरोब्बर उलटा आहे, शाळेतलं पोरगं वाचून काय समजायचं ते समजेल. शिवाय मधल्या काळात जुनी हस्तलिखितं मिळाली. सिनाईच्या मठात जपलेलं चौथ्या शतकातलं ग्रीक बायबल एकोणिसाव्या शतकात उजेडात आलं, १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांतून गुंडाळ्या निघाल्या आणि त्यातली यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाची गुंडाळी तोपर्यंत हातात असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा हजारएक वर्षं जुनी निघाली. तेव्हा नवं भाषांतर लागणार हे उघड होतं, आणि झालीही भरपूर. अडचण ही की जी खपतात, चर्चमध्ये वाचली जातात, ती जवळपास सगळी कोणाच्या तरी कॉपीराइटखाली आहेत.

सगळ्यात गाजलेलं घ्या, न्यू इंटरनॅशनल व्हर्जन, १९७८ चं, पुढे १९८४ आणि २०११ मध्ये सुधारलेलं. त्याच्या परवानगीचा नियम वाचण्यासारखा आहे. पाचशेपर्यंत वचनं न विचारता वापरा, पण तुमच्या मजकुरात ती पाव भाग किंवा त्याहून जास्त होता कामा नयेत आणि बायबलमधलं कुठलंही एक पुस्तक पूर्ण येता कामा नये. आता बायबलमध्ये एकतीस हजारांवर वचनं आहेत, पाचशे म्हणजे काहीच नाही, पण ते सोडा. योहानाचं दुसरं पत्र बघा. हे बायबलमधलं एक स्वतंत्र "पुस्तक" आहे आणि त्यात वचनं आहेत तेरा. आपल्या जुन्या आंतरदेशीय पत्रावर लिहिलं तरी खाली सहीला जागा उरेल. नियमाच्या शब्दांवर बोट ठेवायचं तर हे तेरा वचनांचं पत्र तुमच्या पुस्तकात पूर्ण छापायला लेखी परवानगी लागणार. ज्याने ते लिहिलं त्याने ते मंडळीत वाचून दाखवण्यासाठी पाठवलं होतं!

आणि परवानगी कोणाला मागायची? मजकुराचे हक्क बिब्लिका नावाच्या संस्थेकडे, अमेरिकेत छापायचे झोंडरव्हनकडे. झोंडरव्हन १९८८ पासून हार्परकॉलिन्सची (तेव्हाची हार्पर अँड रो), म्हणजे फिरून फिरून मर्डॉककडे, तेच एकेकाळचे आपल्याकडचे स्टार टीव्हीवाले. पुढे थॉमस नेल्सन ही दुसरी मोठी बायबल कंपनीसुद्धा हार्परकॉलिन्सनेच घेतली, आणि त्या नेल्सनकडे न्यू किंग जेम्स व्हर्जनचा, १९८२ च्या, कॉपीराइट आहे. म्हणजे सगळ्यांचं असलेलं १६११ चं बायबल घ्यायचं, त्यातली भाषा आजची करायची, आणि ते खाजगी करून टाकायचं. कायद्यात बसतं. मला यात चोरी वगैरे म्हणायचं नाहीये, काम त्यांनी केलंय, पंडित बसवलेत, पैसे घातलेत. पण नांगरलेलं शेत मुळात गावाचं होतं एवढं तरी लक्षात ठेवावं.

यावर कोणीही म्हणेल की अरे मग अडलंय कोणाचं, ही सगळी भाषांतरं मोबाइलवर फुकट वाचता येतात की. वाचता येतात, मान्य. वाचणाऱ्याचं अडत नाही. अडतं ते त्यातून काहीतरी बनवणाऱ्याचं. एखाद्या बाईंना सोप्या इंग्रजीत मुलांसाठी अख्खं मार्कचं शुभवर्तमान चित्रांसकट काढायचंय. एखाद्याला ते नाटकासारखं वेगवेगळ्या आवाजांत रेकॉर्ड करून वाटायचंय. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे छोट्या भाषांत भाषांतर करणारी माणसं. त्यातल्या सगळ्यांना हिब्रू-ग्रीक येत नसतं, पुष्कळजण एखाद्या मोठ्या भाषेतलं बायबल समोर ठेवून आणि टिपांचा आधार घेत काम करतात, मग कोणीतरी मूळ भाषा जाणणारा तपासतो. समोर ठेवलेलं इंग्रजी कोणाच्या तरी मालकीचं असेल तर त्यावरून केलेलं हे भाषांतर नक्की कोणाचं, हा प्रश्न लटकतच राहतो. वकील परवडणारी ही माणसं नव्हेत.

आता जरा मागे जातो, कारण या भानगडीची उत्तरं मला चक्क सोळाव्या शतकात मिळाली.

विल्यम टिंडेलने १५२६ मध्ये जर्मनीतल्या वर्म्सला इंग्रजी नवा करार छापून घेतला, थेट ग्रीकवरून. इंग्लंडात चर्चच्या परवानगीशिवाय बायबलचं इंग्रजी करायला १४०९ पासून बंदी होती, म्हणून हे सगळं परदेशात. प्रती कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून बोटीने यायच्या. लंडनचा बिशप टन्स्टल याने वैतागून एका व्यापाऱ्याला सांगितलं की मिळतील तेवढ्या प्रती विकत आण, जाळून टाकू. त्या काळच्या एका इतिवृत्तात पुढची गोष्ट आहे ती अशी की व्यापारी होता टिंडेलच्याच ओळखीचा, त्याने टिंडेललाच गाठलं, आणि सौदा झाला. बिशपला पुस्तकं मिळाली, व्यापाऱ्याला शाबासकी मिळाली, टिंडेलला पैसे मिळाले आणि त्यातून सुधारलेली आवृत्ती काढायची सोय झाली. पुढे १५३६ मध्ये ब्रसेल्सजवळ व्हिल्व्होर्ड इथे गळा आवळून त्याला मारलं आणि प्रेत जाळलं. नांगर हाकणाऱ्या पोरालाही तुझ्यापेक्षा जास्त शास्त्र कळेल असं करून दाखवीन, असं तो एका पंडिताला म्हणाला होता, ही गोष्ट तर एवढी प्रसिद्ध आहे की नव्या भाषांतराच्या प्रस्तावनांत तो नांगरवाला पोरगा हमखास हजेरी लावतो.

पण टिंडेलची दुसरी एक गोष्ट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. १५३४ साल, अँटवर्प. तिथले छापखानेवाले टिंडेलचा नवा करार त्याला न विचारता छापून विकत होतेच, आणि तो त्यावर गप्प होता. मग एका छापखान्याने प्रुफं तपासायला जॉर्ज जॉय नावाचा माणूस ठेवला, हाही इंग्लंडातून पळून आलेला, टिंडेलचा ओळखीचा. या जॉयने प्रुफं तपासता तपासता भाषांतरच बदललं. पुनरुत्थान या शब्दाच्या जागी काही ठिकाणी "या जन्मानंतरचं जीवन" असं घातलं, आणि पुस्तकावर स्वतःचं नाव मात्र घातलं नाही. टिंडेल भडकला. स्वतःच्या १५३४ च्या आवृत्तीत त्याने जॉयची जी खरडपट्टी काढलीय ती वाचताना मजा येते, कारण ज्याने भाषांतरात कोणी न सांगता ढवळाढवळ केल्याचं दुःख भोगलंय त्याला हा राग नेमका कळतो. पण तो शेवटी म्हणतो काय? की आधी हजारांनी भाषांतर केलेलं असलं तरी ज्याला वाटेल त्याने खुशाल नवं करावं. माझंच घ्यायचं असेल तर माझंच घ्या, बदला, सुधारा, हवं तर बिघडवा, फक्त ते तुमचं म्हणा, त्यावर तुमचं नाव घाला, लपाछपी खेळू नका.

म्हणजे ज्याचं काम त्याच्या डोळ्यांदेखत मोडतोड करून विकलं जात होतं, तो माणूस सुद्धा "माझ्या मजकुराला हात लावू नका" असं म्हणत नाही. हात लावा, नाव बदला. एवढीच अट. आजच्या मोकळ्या परवान्यांचं, म्हणजे कोणीही वापरा-बदला असं आधीच सांगून ठेवणाऱ्या परवान्यांचं, सगळं सार त्या एका अटीत आलं.

आणि त्याच्या या मोकळेपणावरच तर पुढचं सगळं उभं राहिलं. किंग जेम्सच्या वेळी ४७ च्या आसपास विद्वान सहा गटांत बसले, वेस्टमिन्स्टर, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला. त्यांनी १५६८ चं बिशप्स बायबल पायाला घेतलं, सोबत टिंडेल, कव्हरडेल, जिनिव्हा बायबल हे सगळं उघडून ठेवलं आणि जिथे आधीच्याचं चांगलं होतं तिथे सरळ उचललं. नव्या करारात तर पानंच्या पानं टिंडेलची वाक्यं आहेत. प्रस्तावनेत ते लपवतही नाहीत, उलट म्हणतात की वाईटातून चांगलं करायला आम्ही बसलोच नव्हतो, चांगल्या अनेकांतून एक जास्त चांगलं करायचं होतं. आजच्या नियमांनी या ४७ जणांना पहिल्या महिन्यात नोटीस आली असती.

आता दुसरी बाजू, आणि ती कच्ची नाही. १८८१ ला ब्रिटनमध्ये किंग जेम्सची सुधारित आवृत्ती म्हणून रिव्हाइज्ड व्हर्जनचा नवा करार आला. अमेरिकेत तेव्हा ब्रिटिश पुस्तकांना कॉपीराइटचं संरक्षणच नव्हतं. २० मे ला न्यूयॉर्कमध्ये पुस्तक विक्रीला आलं आणि २२ मे च्या रविवारी शिकागोच्या दोन पेपरांनी, ट्रिब्यून आणि टाइम्सने, अख्खा नवा करार अंकात छापून टाकला! बराच भाग न्यूयॉर्कहून चक्क तारेने मागवलेला. मला हा किस्सा प्रचंड आवडतो, पेपरवाल्यांनी येशूचं चरित्र ब्रेकिंग न्यूज म्हणून चालवावं यापेक्षा भाषांतरकाराला काय पाहिजे. पण पुढच्या वीस वर्षांत काही प्रकाशकांनी त्यात परस्पर "अमेरिकन" बदल करून आवृत्त्या काढल्या आणि त्या अधिकृत असल्यासारख्या विकल्या. त्या अनुभवाने पोळल्यामुळे १९०१ ची अमेरिकन स्टँडर्ड व्हर्जन आली ती कॉपीराइट घेऊनच, मजकूर कोणी बिघडवू नये म्हणून. कारण प्रामाणिक होतं. आजही कॉपीराइटच्या बाजूने बोलणारा पहिला मुद्दा हाच मांडतो की मोकळं सोडलंत तर कोणीही उठेल आणि देवाच्या तोंडी काहीही घालेल.

पण मक्तेदारीने मजकूर शुद्ध राहतो हे कोणी सांगितलं? १६३१ ला राजाच्या अधिकृत छापखान्याने, दुसऱ्या कोणाला हक्कच नव्हता अशा छापखान्याने, दहा आज्ञांतला "नको" गाळला आणि "व्यभिचार कर" अशी आज्ञा छापून मोकळे झाले. तीनशे पौंड दंड बसला. दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. अमेरिकेतल्या वसाहतीत १६६३ ला तिथल्या मूळ रहिवाशांच्या मॅसॅच्युसेट भाषेत अख्खं बायबल छापलं गेलं, पण इंग्रजी बायबल? ते छापायचा हक्क लंडनच्या राजमान्य छापखान्यांचा. स्वातंत्र्ययुद्ध होऊन इंग्रजांचं जोखड उतरायला लागलं तेव्हा कुठे १७८२ मध्ये फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट एटकनने पहिलं पूर्ण इंग्रजी बायबल अमेरिकेत छापलं. घरात, चर्चमध्ये, कोर्टात जी भाषा चालते तिच्यातलं बायबल दीडशेहून जास्त वर्षं बोटीने मागवावं लागत होतं.

शिवाय कॉपीराइट बाहेरच्यांना अडवतो, मालकाला कोण अडवणार? न्यू इंटरनॅशनलची २०११ ची आवृत्ती आली तशी १९८४ ची छपाई बंद झाली. ज्यांनी पंचवीस वर्षं १९८४ ची वचनं पाठ केली, त्यांना तेच पुस्तक नवं कोरं मिळेना. बदल बरे की वाईट तो भाग वेगळा, त्यातले स्त्री-पुरुष भाषेबद्दलचे कित्येक मला तरी पटतात, "बंधूंनो" च्या जागी "बंधुभगिनींनो" म्हटल्याने आभाळ कोसळत नाही. पण ज्याला जुनं हवं त्याने ते स्वतः छापून घ्यायची वाटच बंद. इंग्लिश स्टँडर्ड व्हर्जनवाल्यांनी २०१६ ला जाहीर केलं की आता आमचा मजकूर कायमचा गोठवला, यापुढे बदल नाही. महिन्याभरात निर्णय मागे घेतला, चुकलं म्हणाले. चुकलं म्हणाले हे चांगलंच, पण निर्णय घेणारे आणि मागे घेणारे एकच टेबल, वाचणाऱ्यांनी फक्त बातमी वाचायची.

याच इंग्लिश स्टँडर्डचा जन्म बघण्यासारखा आहे. १९५२ ला रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन आलं तेव्हा यशयाच्या सातव्या अध्यायात "कुमारी" च्या ऐवजी "तरुण स्त्री" आल्यावरून (ती ओळ ख्रिस्ती परंपरेत येशूच्या आईबद्दलची भविष्यवाणी मानतात) कट्टर मंडळी खवळली, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका पाळकाने ते पान जाहीरपणे जाळलं. आणि पन्नासएक वर्षांनी त्याच कट्टर गोटातल्या लोकांना न्यू इंटरनॅशनलचे नवे बदल नको झाले तेव्हा त्यांनी काय केलं, तर ज्याचं पान जाळलं होतं त्याच रिव्हाइज्ड स्टँडर्डचे वापरायचे हक्क त्याच्या मालकांकडून, म्हणजे उदारमतवादी चर्चच्या परिषदेकडून, रीतसर करार करून मिळवले आणि त्यावरून २००१ ला आपलं इंग्लिश स्टँडर्ड बनवलं. ज्यांची मतं पटत नाहीत त्यांच्या दारात जावं लागलं. मजकूर मोकळा असता तर हे सगळं वकिलांशिवाय झालं असतं.

बरं, मोकळं ठेवून काम होतं का? होतं, आणि कसं होतं तेही बघता येतं. १९०१ च्या त्या अमेरिकन स्टँडर्डचा कॉपीराइट काळाच्या ओघात संपला. १९९७ ला मायकेल पॉल जॉनसन या गृहस्थांनी तोच मजकूर पायाला घेऊन वर्ल्ड इंग्लिश बायबलचं काम सुरू केलं. पहिला हात कॉम्प्युटरने फिरवला, जुनी सर्वनामं, जुनी क्रियापदं, हजारएक जुन्या शब्द-वाक्प्रचारांची अदलाबदल प्रोग्रॅमने. मग माणसं बसली, स्वयंसेवक, एकेक पुस्तक मूळ हिब्रू-ग्रीकशी ताडून बघत. वर्षानुवर्षं चाललं. तयार झालेला मजकूर पब्लिक डोमेनमध्ये, छापा, विका, बदला, कोणाला विचारायचं नाही. अट एकच, "वर्ल्ड इंग्लिश बायबल" हे नाव ट्रेडमार्क आहे, मजकूर बदललात तर त्या नावाने विकायचं नाही. टिंडेलची अटच ही. मजकूर कोणी बिघडवेल या भीतीला एवढं औषध पुरतं, त्यासाठी कॉपीराइटची तोफ कशाला.

हे भाषांतर उत्तम आहे असं मात्र मी म्हणणार नाही. खालून १९०१ ची ठेवण डोकावते, वाक्यं ताठर आहेत, मोठ्याने वाचताना श्वास कुठे घ्यायचा कळत नाही. नव्या करारासाठी त्यांनी ग्रीक पाठ निवडलाय तो बहुसंख्य उशिराच्या हस्तलिखितांचा, बरेचसे अभ्यासक आज जुन्या प्रतींना जास्त मान देतात. आणि सर्वनामांच्या अदलाबदलीत एक गोष्ट हातची जाऊ शकते, आधुनिक इंग्रजीत कुणाचीही. लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशू पेत्राला, म्हणजे शिमोन या आपल्या शिष्याला, म्हणतो, शिमोना, सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण मी तुझ्यासाठी प्रार्थना केलीय. धोका सगळ्या शिष्यांना आहे, आणि प्रार्थना या एकासाठी, जो थोड्याच वेळात ओळख नाकारणार आहे. मराठीत हे आपोआप येतं, किंग जेम्सच्या जुन्या सर्वनामांतही होतं, आजच्या इंग्रजीत मुद्दाम "ऑल ऑफ यू" असं काही लिहिलं नाही तर दोन्हीकडे "यू" आणि वाचणारा दोन्ही वेळा पेत्रच समजतो. आता मुद्दा बघा. मजकूर मोकळा असल्यामुळे उद्या कोणीही बसून अनेकवचनी "यू" ठळक छापलेली प्रत काढू शकतो, अख्ख्या बायबलची, वाटू शकतो, विकू शकतो. मर्डॉककडच्या बायबलाचं असं करायचं तर आधी अर्ज.

राहिला पैसा. माझा स्वतःचा आक्षेप इथेच होता. शंभरएक पंडित दहा-बारा वर्षं बसणार तर त्यांनी खायचं काय? स्वयंसेवकांवर सगळं टाकलं की काय होतं ते वरच सांगितलं, ताठर वाक्यं होतात. चांगला शैलीकार फुकट मिळत नाही, मिळूही नये. पण बायबलच्या बाबतीत पैसा फक्त विक्रीतून येत नाही. चर्च देतात, ट्रस्ट देतात, म्हाताऱ्या बायका मृत्युपत्रात ठेवून जातात. म्हणजे भाषांतरकाराचं बिल भागलेलं असतं किंवा भागवता येतं, आणि त्यानंतरही पुढची पंचाण्णव वर्षं हक्क राखून ठेवायचं कारण उरत नाही. माझं बिल मिळालं की मजकुराचं पुढे काय होतं यावर मी तरी झोप घालवत नाही. अलीकडचं उदाहरण बेरियन स्टँडर्ड बायबलचं. कॉपीराइट घेऊनच बाहेर आलं, लोकांच्या वापरात आलं, आणि ३० एप्रिल २०२३ ला त्यांनी ते पब्लिक डोमेनमध्ये सोडून दिलं. भाषा वर्ल्ड इंग्लिशपेक्षा बरीच वाहती आहे. आकाश काही कोसळलं नाही.

आपल्याकडची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती इथे खरंच लागू आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून मूळावरून मराठी बायबल केलं, साध्या मराठीत, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला, छापायला तिथल्याच बायका. १९२२ मध्ये त्या गेल्या, त्याआधी काम हातावेगळं केलं होतं. आज ते कॉपीराइटच्या बाहेर आहे. आणि हल्लीची मराठी इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन मोकळ्या परवान्यावर आहे, श्रेय द्या आणि तुमचंही तसंच मोकळं ठेवा, बस. म्हणजे केडगावातल्या पोराला मराठी बायबलचं ॲप करायला कोणाचं दार वाजवावं लागत नाही, आणि न्यूयॉर्कमधल्या पोराला इंग्रजीतल्या सगळ्यात खपाच्या बायबलचं करायचं असेल तर अर्ज, अटी, उत्तराची वाट. इंग्रजीपेक्षा आपण पुढे असायची वेळ क्वचित येते, म्हणून सांगितलं.

तर नवं करणाऱ्यांनी करावं. जुन्यातल्या जुन्या हस्तलिखितांवरून करावं, मोठ्याने वाचायला जमेल असं करावं, पंडितांना आणि विशेषतः शेवटचा हात फिरवणाऱ्या लेखकाला भरपूर पैसे द्यावेत. दहा वर्षं विकून खर्च काढायचा असेल तर काढा, काही म्हणणं नाही. पण मोकळं करायची तारीख पहिल्याच आवृत्तीत छापा, नंतर बघू म्हणालात की ते नंतर कधी येत नाही. प्रकाशक हे आपणहून करतील अशी माझी मुळीच अपेक्षा नाही, धंदा आहे तो. दबाव आणू शकतात ते देणगी देणारे. भाषांतरासाठी चर्चमध्ये थैली फिरते तेव्हा एवढंच विचारायचं की काम झाल्यावर मजकूर कोणाच्या नावावर राहणार आणि किती वर्षं. सांगता येत नसेल तर थैली पुढच्या रांगेकडे सरकवायची.